वॉशिंग सेंटर, पार्किंगमधले मामा की घरची बादली?

गडद रंगाची गाडी घेतली आहे आणि ती धुवायची कुठे हे ठरत नाही, अशा नाशिककरांसाठी हे लिहितोय. गाडी पांढरी किंवा सिल्व्हर असेल तर यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला जाणवणारही नाहीत, कारण त्या रंगांवर बरंच काही झाकून जातं.

माझी हॅचबॅक गडद निळी आहे आणि तिला आता सहा वर्षं होतील. पहिली तीन वर्षं ती वॉशिंग सेंटरला जायची. मधले आठ-नऊ महिने सोसायटीत सकाळी गाड्या पुसणाऱ्या मामांकडे होती. गेली दोन वर्षं मी स्वतः धुतो. म्हणजे तिन्ही वाटा चालून झाल्या आहेत. दरांचं आणि वेळेचं गणित तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

सेंटरचं जे चांगलं आहे ते आधी सांगतो. गाडी खालून धुवायची तर त्यांच्या जेटला घरी तोड नाही. पावसाळ्यात घोटी-इगतपुरीकडे भाताच्या खाचरांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर एक चक्कर झाली की चाकांवरच्या कमानींत चिखल थापला जातो. तो तिथे ओला राहतो आणि पत्र्याला गंज धरायला जागा मिळते. तो चिखल बादलीने निघत नाही. गाडी लिफ्टवर चढवून जेट मारला की दहा मिनिटांत मोकळी होते. तिथे फक्त दोन गोष्टींना नाही म्हणा. एक, बॉनेट उघडून इंजिनवर जेट मारणं. आजकालच्या गाड्यांत सेन्सर आणि वायरिंग एवढं असतं की पाणी कुठे शिरेल सांगता येत नाही. दुसरं, खालून डिझेल फवारणं. डिझेलने पत्रा चमकतो, पण सस्पेन्शनचे रबरी बुश फुगतात आणि लवकर खराब होतात.

आता ज्या एका गोष्टीपायी मी सेंटर सोडलं, ती सांगतो.

एप्रिलमधली दुपार होती. मुंबईहून आलो आणि घरी जाता जाता आमच्या भागातल्या सेंटरला गाडी लावली. बॉनेट तापलेलंच होतं. मुलाने फोम मारला, धुतली, एका फडक्याने वरवर पुसली आणि पुढच्या गाडीकडे वळला. मी पैसे देऊन बाहेर आलो आणि उन्हात बघतो तर बॉनेटवर, छतावर, दाराच्या वरच्या अर्ध्या भागावर पांढरे ठिपके. एकेक ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा, कडेने दाट आणि मधे पुसट. ओल्या फडक्याने पुसले, की ओलं असेपर्यंत जातात आणि वाळलं की परत दिसतात. मी परत आत गेलो. मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "दादा, बोअरचं पाणी आहे. गाडी गरम होती ना, लगेच वाळलं. डाग राहणारच. पॉलिश मारून देऊ का?"

त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. पण गाडी स्वच्छ करायला आणायची आणि तिथल्याच पाण्याचे डाग काढायला वेगळे पैसे द्यायचे, हे मला त्या दिवशी पटलं नाही आणि आजही पटत नाही. पुढच्या दोन-तीन वेळा मी सकाळी लवकर, गाडी थंड असताना नेली. ठिपके कमी झाले, गेले नाहीत. आरशांच्या खाली आणि मागच्या काचेच्या रबराजवळ तर ते कायमचेच बसले.

कारण साधं आहे. आपल्या पायाखाली बसॉल्टचा काळा कातळ आहे. त्याच्या भेगांतून झिरपत आलेलं पाणी वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणतं. पाणी उडून जातं, क्षार पत्र्यावर राहतात. गिझरच्या कॉइलवर जो थर चढतो, तोच हा. महापालिकेच्या नळाला येतं ते मुख्यतः गंगापूर धरणाचं, म्हणजे गोदावरीतून आलेलं पावसाचं पाणी. त्याला कातळात मुरायला फारसा वेळच मिळालेला नसतो.

मी पाण्याची तपासणी वगैरे केली नाही. घरी ओट्याचं काम झालं तेव्हाचा काळ्या ग्रॅनाइटचा एक तुकडा गॅलरीत पडून होता. त्याच्यावर चार ठिकाणी चमच्याने पाणी टाकलं: सोसायटीच्या बोअरचं, नळाचं, एसीच्या नळीतून ठिबकणारं आणि आरओमधून वाया जाणारं. दुपारभर उन्हात ठेवलं. बोअरच्या पाण्याचं पांढरं कडं उमटलं, नखाने खरवडलं तर भुकटी निघाली. नळाच्या पाण्याची पुसट रेघ दिसली, तीही तुकडा तिरका धरल्यावर. एसीच्या पाण्याचं जवळपास काहीच नाही, कारण ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार येणार कुठून? सगळ्यात वाईट डाग पडला तो आरओच्या पाण्याचा. हे मुद्दाम लिहितोय, कारण पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं पाणी साठवून त्याने गाडी धुणारी बरीच मंडळी माझ्या माहितीत आहेत. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशीला वापरा, टायरला वापरा, रंगाला नको.

हे डाग नुसते दिसायला वाईट असते तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. ते उन्हात दिवसेंदिवस राहिले तर रंगावरच्या पारदर्शक थराला खातात. तो थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. ताजा डाग असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून फडक्याने लावा, मिनिट-दोन मिनिटांत पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन टाका. हे सावलीत आणि थंड पत्र्यावरच करायचं, वाळू द्यायचं नाही. त्यानेही खळगा उरला तर पॉलिशच लागतं, आणि प्रत्येक पॉलिश म्हणजे त्याच पातळ थरातला थोडा भाग घासून काढणं.

मामांकडे गाडी दिली ती या ठिपक्यांना कंटाळून. त्यांचा वक्तशीरपणा मला फार आवडायचा. पहाटे साडेपाचला आले नाहीत असं क्वचितच व्हायचं. पण एक बादली आणि एक फडका यांत बारा गाड्या. पहिल्या गाडीची धूळ सातव्या गाडीवर घासली जाते. त्यात सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं चालू आहेत आणि गाडीवर जी धूळ बसते ती नुसती माती नाही, तिच्यात बारीक कच असते. ती कोरडी किंवा अर्धवट ओली पुसली की रंगावर ओरखडे पडतात. सावलीत दिसत नाहीत, पण रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभं राहून बघा, दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. यात मामांचा दोष मी मानत नाही. त्यांना जेवढं मिळतं त्यात आणखी किती करणार? तुम्हाला त्यांच्याकडेच ठेवायची असेल तर मायक्रोफायबरचे तीन फडके स्वतः आणून द्या, ते फक्त आपल्या गाडीसाठी ठेवायला सांगा, आणि रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, आधी पाणी ओतून मग पुसायला सांगा. आमच्या शेजारच्यांनी हे केलंय आणि त्यांची गाडी माझ्यापेक्षा फार वाईट दिसत नाही.

आता घरची बादली. इथेही मी सुरुवातीला चुकलो, कारण पार्किंगमधल्या नळाला पाईप लावून धुतली. तो नळ बोअरचाच होता. ठिपके तसेच. मग लक्षात आलं की ठिकाणाने फरक पडत नाही, पाण्याने पडतो. आता मी घरातून नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या लिफ्टने खाली नेतो. दोन मिळून तीस लिटर. पिण्याचं पाणी गाडीला वापरताना मनाला लागतं, म्हणून त्यापेक्षा थेंबभर जास्त घेत नाही. पाणीकपात असली की गाडी धुतच नाही, फक्त काचा पुसतो. टायर, कमानी आणि धूळ भिजवायची पहिली फेरी यांना बोअरचंच पाणी चालतं. अट एकच, ते वाळायच्या आत पुढचं पाणी पडलं पाहिजे.

एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग घासायचा, मग साध्या पाण्यात पिळून परत शाम्पूत. वरून खाली यायचं, चाकं शेवटी आणि त्यांना वेगळा फडका. हे करून झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. माझ्या बादलीत शेवटी मूठभर नाही पण चिमूटभर वाळू नक्की असते. बादली एकच असती तर ती परत रंगावर गेली असती. भांड्यांचा साबण घेऊ नका, तो वॅक्सही उतरवतो. शेवटी मोठ्या जाड फडक्याने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. काचांना आणि आरशांना एसीच्या पाण्याची बाटली ठेवली आहे. त्याने पुसलेल्या काचेवर रेघ उमटलेली मला आजवर दिसली नाही. धुऊन झाल्यावर सोसायटीतच एक फेरी मारून दोन-चारदा ब्रेक दाबून घ्या, ओल्या डिस्कवर पहिला ब्रेक थोडा उशिरा लागतो.

आतल्या साफसफाईत मात्र मी सेंटरला झुकतं माप देईन. त्यांच्या व्हॅक्यूमची ओढ घरच्या छोट्या मशीनला नाही. सीटच्या रुळांत अडकलेले शेंगदाण्याचे फोलपट आणि चिवड्याचे पोहे मला ब्रशने काढायला अर्धा तास लागतो, तिथे दोन मिनिटं. पण व्हॅक्यूमवरच थांबायला सांगा. कार्पेट शाम्पूने धुतलं की ते वरून वाळतं आणि खालचा स्पंज ओला राहतो. आमच्या गाडीत एका जुलैमध्ये धरलेला कुबट वास दिवाळीपर्यंत गेला नव्हता. सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी असतात, त्या एअरबॅगच्या. तिथे पाणी जाता कामा नये. आणि डॅशबोर्डला तेलकट पॉलिश नको. दुपारनंतर मुंबईकडे निघालं की सूर्य समोर येतो आणि चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत उभं राहतं. कसाऱ्याच्या वळणांवर हे मी एकदा अनुभवलंय, पुन्हा अनुभवायचं नाही. स्टिअरिंगला आणि पेडलना तर कसलंच पॉलिश लावू देऊ नका, हात-पाय घसरतात. घरी मी ओलसर फडका आणि मग कोरडा फडका, एवढंच करतो. स्क्रीनला नुसता कोरडा.

आता काही हंगामी गोष्टी. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकटा पडतो. तो त्याच दिवशी धुवा, नंतर त्याच्यावर धूळ बसून सिमेंटसारखं होतं. पक्ष्याची विष्ठाही अशीच, ओला फडका पाच मिनिटं वर ठेवून मग अलगद उचलायची. दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकू लावताना मी आता पत्र्याऐवजी नंबर प्लेटच्या बाजूच्या काळ्या भागाला बोट लावतो. फिकट सीटवर हळद सांडलीच तर घासू नका. पुसून गाडी उन्हात उभी करा, हळदीचा रंग उन्हाने उतरतो.

तर कोणी काय करावं? फिरतीची नोकरी असेल, रविवारी सकाळी पाठ टेकायची असेल, गाडी पांढरी असेल, तर सेंटर बरं. जाताना एवढं विचारा की पाणी बोअरचं की सॉफ्टनर (पाण्यातले हे क्षार काढणारं यंत्र) लावलेलं, आणि पुसायला स्वतःचे दोन फडके घेऊन जा. सॉफ्टनर लावलेलं सेंटर जवळ सापडलं तर माझा निम्मा आक्षेप तिथेच संपतो. आमच्या भागात तरी अजून मला सापडलेलं नाही.

मी वर्षातून दोनदाच सेंटरला जातो. एकदा पावसाळा संपल्यावर खालून धुवायला आणि एकदा दिवाळीआधी व्हॅक्यूमला. जमलं तर दोन्ही एकाच फेरीत. वरून फोम मारू का विचारतात, मी नको म्हणतो. बाकी दर दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता, पार्किंगमध्ये ऊन यायच्या आत, दोन बादल्या. पाऊण तास लागतो. आरशाखालचे ते जुने ठिपके अजून तसेच आहेत, पण नळाचं पाणी वापरायला लागल्यापासून नवा एकही पडलेला नाही.