अळंबी: रानातून काढावी की बाजारातून घ्यावी?

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडं पाऊस लागला की हा प्रश्न येतोच.

खर्चात रान जिंकतं. बाजारातली अळंबी मटणाशी स्पर्धा करते. कष्टाचं सांगायला नको, जळवा आहेतच.

खरा फरक ओळखण्यात. वारुळावरच्या अळंबीच्या टोपीला मधोमध टोक असतं, देठ मुळासारखा खोल वारुळात जातो. तिच्यासारखीच दिसणारी एक विषारी छत्री गवतात उगवते: टोपीवर तपकिरी खवले, देठावर कडं. टोपी पांढऱ्या कागदावर रात्रभर उपडी ठेवा. वारुळावरच्या अळंबीच्या टोपीतून गळणारी भुकटी फिकट गुलाबी पडते, या छत्रीची हिरवट. पण गुलाबी पडली म्हणजे खायची झाली असं नाही. देठ, जागा सगळं जुळायला हवं. विषारी अळंबीनं चांदीचा चमचा काळा पडतो वगैरे निव्वळ थापा. काही जातींचं विष शिजवूनही जात नाही, आणि त्यांच्या उलट्या सहा-बारा तासांनी सुरू होतात.

बाजारात देठासकट, न चिरलेली जुडीच घ्या, ठरलेल्या बाईकडूनच.

घरातलं जाणतं माणूस बरोबर येणार असेल तर रानात जा. नवख्यानं बाजार गाठावा. लहान मुलं जेवणार असतील तर सरळ धिंगरी (लागवडीची ऑयस्टर अळंबी) आणा, चव थोडी कमी असली तरी.