मुलांचं क्रूझ जर्नल: अर्धी पानं भारी, अर्धी नुसती भरती

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे जे पॅकिंग करता करता वाचतायत त्यांची सुटका. पाचपैकी तीन स्टार. सहा ते बारा वयाच्या मुलांसाठी म्हणून जे क्रूझ ट्रॅव्हल जर्नल विकतात ते, रंगीत कव्हर, वर हसणारं जहाज, आत छापील प्रश्न, एक पान स्टिकर्स आणि शेवटी कागदाचा खिसा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण असली जर्नल्स ढिगाने मिळतात आणि कव्हरवरचं जहाज सोडलं तर आत बहुतेक तोच माल असतो. आमच्याकडे मोठी लिहिणारी आणि धाकटा चित्रं काढणारा (लिहायचं म्हटलं की त्याचं पोट दुखतं), म्हणून दोन घेतली. दोघांत एक घ्यायचा विचारसुद्धा करू नका, पेनवरून होणारी भांडणं वेगळी आणि पानावरून होणारी वेगळी.

पहिली तक्रार रोजच्या पानाची. प्रत्येक दिवसाला दोन पानं आणि त्यावर ठरलेले प्रश्न: आज सगळ्यात जास्त काय आवडलं, आज कसं वाटलं त्याप्रमाणे चेहरा रंगव, आजचा दिवस एका शब्दात सांग. आता क्रूझवर मुलांना काय आवडतं, तर स्विमिंग पूल आणि घसरगुंडी. पहिल्या दिवशी 'पूल', दुसऱ्या दिवशी 'पूल आणि स्लाइड', आणि मग मोठीने सरळ 'वरीलप्रमाणे' लिहून वही मिटली. चेहरा रोज हसरा, शब्द रोज 'मस्त'. मुलांची काही चूक नाही हो, आपल्यालाही कोणी रोज रात्री कसं वाटलं कसं वाटलं विचारलं तर आपणही पाट्याच टाकू. चार ओळी खरडल्या की सुटलो, हा भाव मुलांच्या चेहऱ्यावर दिसायला लागला की समजायचं जर्नलचा गृहपाठ झाला.

पण मागच्या बाजूला 'खलाशाची नोंद' म्हणून काही पानं आहेत, ती मात्र खरंच भाव खाऊन गेली आणि तीन स्टार आहेत ते त्यांचेच. त्यात मनातलं काही विचारत नाहीत, बघून काय दिसतं ते विचारतात. आत्ता जहाज कुठे आहे, वेग किती, वारा कुठून, समुद्र कसा दिसतोय, उजेड किती वाजता गेला. बऱ्याच जहाजांवर केबिनच्या टीव्हीवर एक चॅनल असतं ज्यावर नकाशा, अक्षांश-रेखांश, वेग, वारा असं सगळं सतत येत राहतं, मोठी माणसं ते बघून लगेच पुढे जातात. मुलांना ते दाखवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडे उतरवायला सांगा, बास. वेग नॉटमध्ये असतो, एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. २० नॉट म्हणजे जेमतेम ३७ किलोमीटर निघाले तेव्हा धाकटा भयंकर नाराज झाला, एवढं मोठं जहाज आणि एवढंच?? मग ताईने त्याला गुणाकार करून दाखवला की हे रात्रभर न थांबता चालतं, दहा तासांत ३७० किलोमीटर, तू झोपलेला असतोस तेव्हा. त्यावर त्याने जहाजाला डोळे काढले, उघडे, आणि खाली स्वतःला काढलं, बंद डोळ्यांचं. 'आज कसं वाटलं' विचारून असं चित्र कधीच आलं नसतं.

घड्याळाचं पण तसंच. जहाज पश्चिमेकडे जात असेल तर रात्री घड्याळ एक तास मागे घ्यायची सूचना येते, आपण झोप वाढली म्हणून खूश होतो आणि विसरतो. जर्नलमध्ये 'आजचा दिवस किती तासांचा' असा एक चौकोन आहे, आम्हाला तो आधी छपाईची चूक वाटला. मोठीने त्यात २५ लिहिलं आणि मग नवऱ्याला रेखांश, पृथ्वी, १५ अंशाला एक तास हे सगळं लिफ्टची वाट बघत उभ्या उभ्या समजावून सांगावं लागलं.

सगळ्यात भारी पान वाऱ्याचं. त्यात बोफर्ट स्केल दिलाय चित्रांसकट, ० ते १२. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ च्या सुमारास ही पट्टी बसवली आणि तिची गंमत अशी की हातात कुठलंही यंत्र नसताना नुसतं पाण्याकडे बघून वारा सांगता येतो. पाणी आरशासारखं सपाट असलं तर ०, पांढरा फेस तुरळक दिसायला लागला की ३, पांढरे तुरे बऱ्यापैकी सगळीकडे दिसले की ४, म्हणजे वारा साधारण ११ ते १६ नॉट. धाकटा रेलिंगला नाक लावून तुरे मोजायचा, आकडा लिहायचा आणि मग केबिनमध्ये पळत जाऊन टीव्हीशी ताडून बघायचा. एकदा हवा जवळजवळ पडलेली असताना वरच्या डेकवर टोपी उडेल इतका वारा लागत होता, आणि समुद्र मात्र सपाट. तेव्हा हा गोंधळला की खरं कोणाचं. खरं दोघांचंही, जहाज स्वतःच २० नॉटने पळतंय म्हटल्यावर हवा स्थिर असली तरी डेकवरच्या माणसाला तेवढा वारा लागणारच, म्हणून तर पाण्याकडे बघून ठरवायचं. हे मात्र जर्नलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही, लिहायला हवं होतं, कारण प्रत्येक मूल इथेच अडकणार.

क्षितिजाचं पान पण मस्त आहे, 'तुला किती लांबचं दिसतंय?' खाली सूत्र दिलंय: डोळे पाण्यापासून जितके मीटर उंच त्याचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाला जेमतेम चारेक किलोमीटर दिसतं आणि तेच मूल ३० मीटर उंच डेकवर गेलं तर साधारण साडेएकोणीस. लहान मुलांना वर्गमूळ जमणार नाही, फोनचा कॅल्क्युलेटर द्या. पण यातून पुढचा खेळ निघाला, लांबून येणारं जहाज आधी वरच्या टोकापासून दिसतं की खालून. मग संध्याकाळी दोघं दुर्बिणीवरून मारामारी करत डेकवर. आधी काड्यांसारखं काहीतरी, मग खोके, आणि खालचा भाग सगळ्यात शेवटी. पृथ्वी गोल आहे हे शाळेत शिकलेलीच आहेत पण इथे ती वहीत चार चौकटींत वेळ टाकून काढली आहे.

सेफ्टी ड्रिलसाठी अर्धंच पान दिलंय, खरं तर पूर्ण द्यायला पाहिजे होतं. जहाज निघण्याआधी किंवा निघताच प्रवाशांची ही कवायत घ्यावीच लागते, आपलं मस्टर स्टेशन, म्हणजे आणीबाणीत जमायची जागा, कुठलं ते बघून यायचं, आणि इमर्जन्सीचा भोंगा म्हणजे कमीत कमी सात छोटे आणि मग एक लांब. मोठीने सात टिंबं आणि एक रेघ काढून ठेवली आणि केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंतचा रस्ता जिन्यांसकट काढला. लिफ्ट काढली नाही, का तर आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते, हे तिला कर्मचाऱ्याने सांगितलेलं. मला विचाराल तर अख्ख्या जर्नलमधली सगळ्यात कामाची नोंद ती. जाता जाता, असल्या नियमांच्या आंतरराष्ट्रीय कराराची सुरुवात झाली ती १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर, समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला सोलास करार १९१४ चा. मुलं विचारतातच, उत्तर तयार ठेवा आणि झोपायच्या वेळी देऊ नका.

आणि आता पायलटची शिडी, ही छापील प्रश्नातली नाही, कोऱ्या पानावरची. बंदराजवळ एक छोटी बोट जहाजाच्या कुशीला येऊन लागते, दोन्ही चालू असतानाच, आणि त्या बंदराचा पायलट दोरीच्या शिडीने वर चढतो, मग तो कॅप्टनला आत कसं न्यायचं ते सांगतो. बहुतेक प्रवासी तेव्हा झोपेत असतात. धाकट्याने ती शिडी एकेक पायरी मोजत काढायला घेतली, पान संपलं, वही फिरवून पुढच्या पानावर नेली, तिथे 'आजचा दिवस एका शब्दात' चा चौकोन आडवा आला तर शिडी त्याच्यावरून गेली. पायलट एवढासा आणि त्याच्या पाठीवर केशरी जॅकेट, केशरी रंग संपेपर्यंत घासलेला. कंपनीने यातून शिकावं, प्रश्न कमी आणि कोरी जागा जास्त.

बंदराच्या दिवसांची पानं ठीक, झेंडा काढा, नवीन शब्द लिहा वगैरे. आम्ही त्यात आपल्याच जहाजाच्या मागे लिहिलेलं गाव शोधायची भर घातली. तिथे नासाउ, पनामा, व्हॅलेटा असलं काहीतरी असतं, जिथे जहाजाची नोंदणी झालीय ते, आणि जहाज तिकडे जाणारही नसतं. यावर मोठीचा अर्धा तास छान गेला.

आता दोष. जहाजाच्या आकृतीत दिव्यांचे रंग उलटे छापलेत. डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा असतो, यांनी डावीकडे हिरवा दाखवलाय. मुलांच्या पुस्तकात एवढी साधी गोष्ट चुकावी? रंग दुरुस्त करून द्या, कारण रात्री लांबच्या जहाजाचा लाल दिवा दिसला की त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे हे ओळखायचा खेळ या चुकीमुळे पूर्ण फसतो. कागद पातळ, स्केचपेन मागे उमटतो, वॉटरकलरचं तर नावच नको. चिकटवलेली बाइंडिंग, दोन दिवस उघडझाप केली की मधली पानं हातात, त्यात समुद्राची दमट हवा. स्पायरल किंवा शिवलेली वही पाहिजे होती. स्टिकर्स बरे आहेत पण नांगर आणि डॉल्फिनच भरलेत, लाइफबोट एकही नाही. जेल पेन ओल्या हाताला लागून सगळीकडे पसरतं, रंगीत पेन्सिली आणि एक ग्लू स्टिक घ्या, टोकयंत्र डबीवालं घ्या नाहीतर साल केबिनभर.

मागचा खिसा छान पण त्यात पावत्या नुसत्या कोंबू नका. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात, काही महिन्यांत अक्षरं फिकी होतात, मग मुलं कोरा कागद दाखवून हे काय होतं म्हणून विचारतात. त्यावरचं महत्त्वाचं पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवा. रोजचा कार्यक्रम छापलेला येतो तो मात्र जरूर ठेवा, हल्ली बऱ्याच कंपन्या ॲपवर देतात पण मागितला तर रिसेप्शनवर कागद मिळू शकतो. त्यावर मुलांनी काय केलं त्याला गोल आणि काय बुडवलं त्याला फुली, झाली नोंद, वेगळं लिहायलाच नको.

लिहायची वेळ पण जपून निवडा. जहाज हलत असताना खाली मान घालून लिहिलं की मळमळ हमखास, डोळ्यांना पान स्थिर दिसतं आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हलणं कळतं, दोघांचं जमत नाही. अशा दिवशी वही बंद, डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत राहायचं, लिहिणं राहिलं तर राहिलं. आणि झोपायच्या आधी तर अजिबात नको, दमलेल्या मुलाकडून लिहून घेणं म्हणजे दोघांच्याही डोक्याला ताप. आमचं सगळ्यात जास्त काम बंदरावर उतरायच्या रांगेत झालं, तिथे तसाही कोणाला काही उद्योग नसतो.

कोणी घ्यावं? ज्यांची मुलं कोरं पान बघून बिचकतात त्यांनी घ्या, आणि रोजच्या प्रश्नांवर सरळ कागद चिकटवून टाका. ज्यांची मुलं आपणहून चितारतात त्यांनी जाड कागदाची साधी स्पायरल वही घ्या आणि पहिल्या पानावर हाताने पाच रकाने आखून द्या, कुठे, वेग, वारा, समुद्र, नवीन काय दिसलं. सहाच्या आतल्यांना हे जर्नल जड जाईल, त्यांना चित्र काढू दे आणि ते जे बोलतील ते तुम्ही खाली लिहा, त्यांच्याच शब्दांत, दुरुस्त न करता. धाकट्याने केबिनमधल्या व्हॅक्यूम टॉयलेटचा आवाज 'फस्सSSSकडाम' असा लिहून घ्यायला लावला, मी तीन एस घातले तर म्हणाला आई कमी पडतायत.