वाझूमध्ये आयओसी भरायला एआय : काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत सायबर सुरक्षेला वेगळा माणूस क्वचितच असतो. सर्व्हर, टॅली, सीसीटीव्ही बघणाराच सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सूचना वाचतो. त्यातले आयपी, डोमेन आणि हॅश (फाइलची ठसा म्हणून वापरली जाणारी अक्षरं-आकडे), म्हणजेच आयओसी किंवा हल्ल्याच्या खुणा, वेचून देखरेख यंत्रणेत भरायचं काम किचकट, म्हणून ते हमखास मागे पडतं. तेच एआयकडे देऊन वाझू या मुक्तस्रोत देखरेख यंत्रणेवर काही महिने चालवलं. मत स्पष्ट आहे : खुणा वेचायला एआय उत्तम, पण कुठली खूण यादीत जावी हा निर्णय त्याच्या हाती देऊ नका.

वेचणी खरंच सुरेख होते. चौकटी कंसात टिंब घालून मोडलेले पत्ते तो नीट जोडतो, लांबलचक पीडीएफमधून प्रकारानुसार तक्ता काढतो, कुठली खूण कुठल्या मालवेअरची हेही लिहितो. गडबड होते ती हॅशमध्ये. एसएचए२५६ म्हणजे ६४ अक्षरं. पीडीएफमध्ये ती दोन ओळींत तुटतात आणि जोडताना एखादं अक्षर बदलतं. लांबी बरोबर भरते, म्हणून नुसती लांबी तपासून ही चूक सापडत नाही. यावर उपाय एकच. मूळ मजकुरातल्या मोकळ्या जागा काढून टाका आणि एआयने दिलेली प्रत्येक हॅश त्यात जशीच्या तशी सापडते का, हे साध्या स्क्रिप्टने बघा. नाही सापडली तर ती बाद. अक्षरं लहान लिपीत करून घ्या, कारण सीडीबी यादीत (वाझू ज्या फाइलमध्ये खुणा ठेवतो तिच्यात) जुळणी तंतोतंत होते.

दुसरी चाळणी जास्त महत्त्वाची. अहवालात येणारा प्रत्येक पत्ता वाईट नसतो. ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस पत्ता येतो, कारण मालवेअर इंटरनेट आहे का ते तपासतं. टेलिग्रामचा एपीआय (प्रोग्रामने जोडण्याची वाट) येतो, कारण चोरलेला डेटा तिथून जातो. अहवाल लिहिणाऱ्या कंपनीची स्वतःची लिंकही येते. एआय हे सगळं इमानदारीने उचलतो. डी४१डी८सीडी९ ने सुरू होणारी एमडी५ दिसली तर थांबा : ती रिकाम्या फाइलची हॅश आहे. ती यादीत गेली की शून्य बाइटची कुठलीही फाइल तयार झाली तरी अलर्ट. मिस्प या खुणा वाटून घेण्याच्या मुक्तस्रोत प्रणालीच्या वॉर्निंगलिस्ट, म्हणजे नेहमीच्या निरुपद्रवी पत्त्यांच्या याद्या, याच कामासाठी आहेत. प्रत्येक खूण त्यांच्यावरून फिरवा. खासगी (आतल्या नेटवर्कचे) आयपी पट्टे तर आधीच गाळा.

आता वाझूकडची बाजू. यादीत प्रत्येक ओळीवर खूण, कोलन (:), मग माहिती. त्या माहितीत स्रोत आणि तारीख घालाच, कारण सीडीबी यादीला मुदत नसते. आम्ही आयपी ३० दिवसांनी, डोमेन ९० दिवसांनी काढतो. हॅश वर्षभर ठेवायला हरकत नाही. आयपी भाड्याचे, आज चोराकडे तर उद्या एखाद्या साध्या दुकानाच्या वेबसाइटकडे.

वाझूच्या एपीआयने यादी चढवताना जुनी फाइल पूर्ण पुसून नवी बसते. एआयने वेचलेल्या फक्त आजच्या खुणा चढवल्या तर कालपर्यंतची मेहनत पाण्यात. आधी जुनी यादी उतरवा, त्यात भर घाला, मग सगळी एकत्र चढवा आणि वाझूचा मॅनेजर (मुख्य सर्व्हर) रीस्टार्ट करा.

यादी भरली म्हणजे पहारा लागला असं नाही, आणि इथेच बहुतेकांचं अडतं. यादीत मुख्य डोमेन आहे आणि संगणकाने सबडोमेन विचारलं, तर यादीशी जुळवणारा वाझूचा नियम गप्प बसतो. सिस्मॉन या विंडोजवरच्या हालचाली नोंदवणाऱ्या साधनाच्या नोंदीत हॅश अल्गोरिदमच्या नावासकट येते, तीही जुळत नाही. हॅशसाठी फाइल इंटिग्रिटी मॉनिटरिंगचे (फाइल बदलली किंवा नवी आली का हे बघणाऱ्या भागाचे) नियम ५५० आणि ५५४ धरा आणि डाउनलोड्स फोल्डर रिअलटाइमवर ठेवा. मूळ सेटिंगमध्ये तपासणी दर १२ तासांनी होते. प्रत्येक यादीत २०३.०.११३ च्या पट्ट्यातला एक चाचणी आयपी ठेवा. हा पट्टा उदाहरणांसाठीच राखीव आहे. रीस्टार्टनंतर त्याची खोटी नोंद लॉगटेस्ट या वाझूच्या नियम तपासायच्या साधनात टाकली की नियम जिवंत आहे का ते लगेच कळतं.

एआयला एपीआयचा फक्त वाचायचा अधिकार द्या. तो बाहेरची पानं वाचतो, आणि त्या पानांत त्याच्यासाठी लपवलेली सूचना असू शकते. लिहायचा अधिकार असेल तर तीच सूचना तुमच्या यादीला हात लावेल. टीएलपी (माहिती कुणापर्यंत द्यायची हे सांगणारे रंग) अँबर किंवा रेड शिक्क्याचा मजकूर ऑनलाइन एआयमध्ये चिकटवू नका. त्याला आपल्याच मशीनवर चालणारं मॉडेल वापरा. वेग कमी असतो, पण वेचणीपुरतं पुरतं.

एक कमतरता एआयने भरून निघत नाही. नवी खूण फक्त पुढच्या नोंदींना लागते, मागे बघत नाही. खरेदीदाराच्या नावाशी मिळतंजुळतं बनावट डोमेन आज कळलं, तर गेल्या महिन्यात कुणी तिथे गेलं होतं का हे जुन्या नोंदींतच शोधावं लागतं. वाझू मुळात फक्त अलर्ट साठवतो. सगळ्या नोंदी हव्या तर आर्काइव्ह चालू करावं लागतं. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचेच आहेत, तेव्हा एआयच्या वर्गणीआधी डिस्कचे पैसे बाजूला काढा.