कॉम्बिनेटोरिक्सचा सेमिनार की ऑप्टिमायझेशनचा?

गणितातल्या संशोधनाच्या पहिल्या वर्षी आठवड्याला एकच सेमिनार खऱ्या अर्थानं झेपतो. उत्साहात दोन्हीकडे जाणारे पुष्कळ असतात, पण महिन्याभरात त्यातला एक सुटतो. कोणता सुटणार हे बहुधा वेळापत्रक ठरवतं, आपण नाही. म्हणून आधीच विचार केलेला बरा.

कॉम्बिनेटोरिक्सच्या, म्हणजे मोजण्या-मांडण्यांच्या गणिताच्या, सेमिनारात प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत कळतो. रॅम्झी संख्या घ्या. किती माणसं जमली म्हणजे त्यांत एकमेकांना ओळखणारे पाच जण, नाहीतर एकमेकांना अजिबात न ओळखणारे पाच जण हमखास सापडतील? पाचाच्या जागी चार असतील तर उत्तर १८. पाचांसाठी मात्र ते ४३ ते ४६ मध्ये कुठेतरी आहे, एवढंच आजवर हाती लागलंय. शाळकरी मुलालाही समजेल असा हा प्रश्न, आणि गोची तिथेच आहे. एर्डश आणि सेकेरेश यांनी १९३५ मध्ये दिलेली वरची मर्यादा गटातल्या माणसांच्या संख्येबरोबर ढोबळमानानं ४ च्या घातासारखी वाढते. त्या ४ ऐवजी त्याहून किंचित लहान आकडा चालतो, हे दाखवायला २०२३ साल उजाडलं. अशा निकालावरच्या तासाभराच्या व्याख्यानात मधली वीस-पंचवीस मिनिटं डोक्यावरून जाणारच. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांचीही तीच गत असते, ते फक्त चेहऱ्यावर दिसू देत नाहीत.

उलट एखाद्या दिवशी अख्खी सिद्धता खिशात घालून घरी येता येतं. हाओ ह्वांग यांनी २०१९ मध्ये सोडवलेला प्रश्न असाच: एन मितींच्या घनाचे निम्म्याहून एकच जास्त शिरोबिंदू निवडा, त्यांतल्या एकाला तरी निवडलेल्यांपैकी किमान एनच्या वर्गमुळाइतके शेजारी असतात. यातून बूलियन फलांविषयीची (ज्यांचं उत्तर फक्त ० किंवा १ असतं) सुमारे तीस वर्षं अडलेली अटकळ सुटली, आणि मुख्य युक्तिवाद दोनेक पानांचा. मॅट्रिक्स आणि आयगेनव्हॅल्यू येत असल्या की पुरे.

ऑप्टिमायझेशनकडे, म्हणजे दिलेल्या अटींत सर्वोत्तम उत्तर शोधण्याच्या गणिताकडे, गाडं उलट चालतं. पहिली पंधरा मिनिटं गृहीतकांत जातात: फल बहिर्वक्र (वाटीसारखं) आहे का, ग्रेडियंट लिपशिट्झ आहे का (म्हणजे उतार फार झपाट्यानं बदलत नाही ना), मर्यादा कोणत्या. मुळात विचारलंय काय, हे कळेपर्यंत अर्धा तास उलटतो. नवख्याला हे रुक्ष वाटतं, मलाही वाटलं होतं. पण इथली हत्यारं त्याच त्याच पेटीतून निघतात. ड्युॲलिटी (प्रत्येक प्रश्नाचा जोडीदार प्रश्न), पॉलिटोप (रेषीय असमतांनी बांधलेला बहुमितीय आकार), अट सैल करून सोडवणं आणि मग पूर्णांकाकडे आणणं, उत्तराकडे अभिसरणाचा वेग. लिनिअर प्रोग्राम, म्हणजे रेषीय अटींतलं रेषीय फल, सोडवायची डान्ट्झिगची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत, तिला घातांकी (प्रश्न वाढला की भरमसाट वाढणारा) वेळ लागतो असं क्ली आणि मिन्टी यांचं १९७२ चं उदाहरण, खाचियान यांची १९७९ ची एलिप्सॉइड पद्धत, १९८४ मध्ये करमरकर यांची इंटिरिअर पॉइंट पद्धत: ही कहाणी तुम्ही प्रस्तावनेत इतक्यांदा ऐकाल की पाठ होईल. सहाव्या-सातव्या व्याख्यानापासून फायदा जाणवू लागतो. कॉम्बिनेटोरिक्समध्ये मात्र या आठवड्याची युक्ती पुढच्या आठवड्यात उपयोगी पडेलच असं नाही.

प्रश्नोत्तरांतही फरक दिसतो. एकीकडे विचारतात, ‘ही मर्यादा गाठणारं उदाहरण आहे का?’ दुसरीकडे, ‘हे किती मोठ्या प्रश्नावर चालवून पाहिलंत?’ यातला कोणता प्रश्न आपल्या तोंडून आपोआप निघतो, ते बघा. माझ्या मते आवडनिवड ओळखायची याहून चांगली खूण नाही. खडू-फळा पहिल्या गटात जास्त टिकलाय, आणि वहीत उतरवून घेणाऱ्याला त्याचा मोठा आधार असतो. स्लाइड गेली की गेली.

काही विषय कुठे टाकायचे हेच कळत नाही. ग्राफमध्ये जास्तीत जास्त जोड्या लावण्याचा प्रश्न, म्हणजे मॅचिंग, एडमंड्स यांनी १९६५ मध्ये बहुपदी, म्हणजे परवडणाऱ्या, वेळात सोडवला. त्याच्या पॉलिटोपचं वर्णन करायला त्यांना घातांकी संख्येच्या असमता लागल्या. नवी चलं जोडून त्या कमी करता येतील, ही आशा टोमास रोथवोस यांनी जवळपास पन्नास वर्षांनी संपवली: सोपा प्रश्न, तरी छोटं लिनिअर प्रोग्राम अशक्य. हे व्याख्यान दोन्ही सेमिनारांत तितकंच शोभेल. वॉटर्लू विद्यापीठात तर दोन्ही विषयांचा मिळून एकच विभाग आहे.

हाताशी एकच सत्र असेल तर मी कॉम्बिनेटोरिक्स सुचवेन. चार व्याख्यानं पूर्ण हुकली तरी पाचव्याला कोऱ्या पाटीनं बसता येतं. दोन-तीन वर्षं राहणार असाल तर ऑप्टिमायझेशन, मात्र पहिले दोन महिने सलग जायचं. मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. विषय अजून ठरलाच नसेल, तर गाइड ज्या सेमिनारात स्वतः बसतात तिकडे जा. बाहेर पडताना दोघांच्या कानावर एकच व्याख्यान पडलेलं असतं, आणि ‘ती दुसरी पायरी मला कळली नाही’ म्हणायला कॉरिडॉरसारखी जागा नाही.

सिद्धता ओळीओळीनं शिकायची असेल तर दोन्ही सेमिनार सोडून वाचनगट धरा. तिथे सहा-सात जणच असतात, पेपर एकच असतो, आणि दुसऱ्या महिन्यात खडू तुमच्याच हातात देतात.