रिंग पाच सेंटीमीटरची, बोअर सात सेंटीमीटरचा

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. चार एकर पऱ्हाटी (कपाशी), दोन एकर सोयाबीन. बैलजोडी विकली तेव्हापासून डवरणी, म्हणजे ओळींतलं तण काढणं, पेट्रोलच्या पॉवर वीडरवर, 212 सीसीचं इंजिन. मागच्या खरिपात या इंजिनापायी मी 6,800 रुपयांना फसलो. त्याच माणसानं जवळच्या आणखी दोन गावांत हाच हात मारला म्हणून लिहितो आहे.

पाऊस दोन दिवस उघडला होता, वापसा आला होता, तण पिकाच्या वर चाललं होतं. यंत्र कोठ्यातून काढलं, तर चोक (इंजिनात जाणारी हवा कमी करणारी कळ) लावला की सुरू व्हायचं आणि चोक काढला की फडफड करून बंद. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. अशा वेळी माणसाजवळ अक्कल कमी आणि घाई जास्त असते. त्यातच पंप-मशीन दुरुस्तीवाला गावात आल्याचं कळलं. मोटरसायकल, मागे पान्यांची पेटी, तोंडात खर्रा.

"काका, इंजन खल्लास आहे. रिंगा गेल्या."

रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. म्हटलं, बाप्पा, दोनच हंगाम चाललं आहे हे! मग त्यानं स्पार्क प्लग खोलला, उजेडात धरला, तोंड वाकडं केलं आणि हातानंच परत बसवला. "आता तुम्हीच वढून पाहा दोरी." ओढली, तर सुतासारखी हलकी आली. "पाह्यलं? कंप्रेशनच नाही. बोअर करा लागते."

कंप्रेशन म्हणजे सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेचा जोर, तो असला की दोरी जड येते. बोअर म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ते भोक, ते घासून नीट करायचं. माझ्या हातानं खात्री झाली होती, मग शंका कशाची घेणार? त्यानं इंजिन यंत्रावरून काढून तालुक्याला नेलं आणि चौथ्या दिवशी आणून बसवलं. सोबत कागदात गुंडाळलेली काळी रिंग दिली, "ही तुमची जुनी." बिल मागितलं तर वहीचं पान फाडून त्यावर आकडे लिहून दिले. त्यावर ना दुकानाचं नाव, ना सही.

यंत्र दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर खाली पेट्रोलचं थारोळं आणि दोरी ओढावी तर ती अडकलेली. फोन लावला, "येतो ना काका उद्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तर तोच आवाज म्हणाला, "राँग नंबर."

शेवटी आर्णीहून साळ्याला बोलावलं. तो ट्रॅक्टरचं काम करतो. त्यानं पाना हातातही घेतला नाही, आधी इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि मला हाक दिली. "भाऊजी, हे पाहा." हेडच्या, म्हणजे सिलिंडरावरच्या झाकणाच्या, चारही बोल्टांवर कंपनीचा रंग जसाच्या तसा होता, कडेला कुठे पाना घासल्याची खूणही नाही. फिन्सच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या) खाचांत गेल्या वर्षीची माती तशीच वाळलेली. हेड उघडलंच नव्हतं, तर बोअर कुठून होणार?

मग त्यानं रिंग मागितली. पोरीच्या कंपासपेटीतली पट्टी लावली, तर जेमतेम पाच सेंटीमीटर भरली. यंत्राच्या पुस्तिकेत बोअर 70 मिलिमीटर लिहिलेला. कुठल्या तरी मोटरसायकलची भंगार रिंग होती ती!

दोरीचं कोडंही त्यानंच सोडवलं. प्लग दोन आटे ढिला केला आणि म्हणाला, ओढा. हलकी आली. हवा ढिल्या प्लगाच्या फटीतून निसटत होती. प्लग आवळला आणि म्हणाला, आता ओढा. दोरीनं हात मागे खेचला. कंप्रेशन ठणठणीत होतं, त्या दिवशीही असणार. कोणी कंप्रेशन दाखवायला लागला तर प्लग पान्यानं आवळलेला आहे का ते आधी स्वतः पाहा.

मूळ रोग अगदी फालतू होता. दिवाळीनंतर टाकीत पेट्रोल तसंच ठेवून मी यंत्र कोठ्यात उभं केलं होतं. सात-आठ महिन्यांत पेट्रोल उडून चिकट राळ उरते आणि कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाच्या, जेटचं सुईच्या टोकाएवढं भोक बुजतं. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं ते वेगळंच. चोकवर चालतं आणि चोक काढला की मरतं, म्हणजे बहुतेक वेळा हाच घोळ.   काम काय, तर खालची वाटी खोलायची, जेट काढून कार्बोरेटर क्लीनर मारायचा आणि वायरीतली तांब्याची एक तार भोकातून फिरवायची. लोखंडी सुई घालू नये, पितळेचं भोक मोठं होतं.

पण साफ करायला माझा कार्बोरेटर होताच कुठे? त्या दुरुस्तीवाल्यानं तो काढून घेतला होता आणि डुप्लिकेट बसवला होता. त्याची फ्लोटची सुई, जी वाटी भरली की पेट्रोल अडवते, ती नीट बसत नव्हती, म्हणून पेट्रोल रात्रभर झिरपून इंजिनात उतरलं. ऑइलची कांडी काढली तर पेट्रोलचा भपकारा. ऑइल बदललं, नवा कार्बोरेटर आणला, 1,700 गेले. तोवर पुन्हा पाऊस लागला. मग मजूर लावून निंदण केलं, त्याचा हिशोब मी घरी अजून सांगितलेला नाही.

ग्राहक हेल्पलाइन 1915 मला ठाऊक होती. पण हातात वहीचं एक पान, फोन लावून सांगणार काय? आता दुरुस्तीला यंत्र देताना कार्बोरेटरवरचा नंबर आणि हेडचे बोल्ट यांचे मोबाइलवर फोटो काढतो आणि काम माझ्यासमोर करायला लावतो. हंगाम संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो आणि टाकी रिकामी करतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बाजूच्या गावात दिसला, तीच मोटरसायकल, तीच पेटी. कोणाच्या तरी फवारणी पंपाचा प्लग काढून उजेडात धरला होता. मी गाडी थांबवली आणि पंपवाल्याला म्हटलं, "भाऊ, दोरी ओढू नका, आधी प्लग आवळा."