ओबीडी स्कॅनर: वॉरंटी संपण्याआधी गिअरबॉक्सची तक्रार नोंदवायला किती कामाचा?

ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना धक्के देतेय आणि वॉरंटी संपत आलीय, अशा वेळी ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या पोर्टला लावून मोबाइलवर बिघाडाचे कोड दाखवणारं छोटं उपकरण, जरूर घ्यावा. पण कुठलाही नाही.

‘ईएलएम३२७’ नावाने मिळणारे अगदी स्वस्त स्कॅनर बहुतेक नकली चिपवर चालतात. इंजिनाचे कोड ते वाचतात, पण गिअरबॉक्सच्या कंट्रोल मोड्यूलपर्यंत, म्हणजे टीसीएमपर्यंत, बऱ्याचदा पोहोचत नाहीत. मग हाती फक्त पी०७०० हा कोड लागतो. टीसीएमने काहीतरी बिघाड नोंदवलाय, एवढंच त्यातून कळतं. खरी माहिती टीसीएमच्या आतल्या कोडमध्ये असते. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, बहुधा आतला क्लच स्लिप होतोय. पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉकअप क्लच नीट पकडत नाही. पी०७१५ आला तर इनपुट स्पीड सेन्सर किंवा त्याची वायरिंग तपासावी लागते. म्हणून स्कॅनरचं ॲप तुमच्या मॉडेलचा टीसीएम उघडतं का आणि गिअरबॉक्स ऑइलचं तापमान दाखवतं का, हे घेण्याआधीच बघा.

पोर्ट १६ पिनांचा असतो, बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली. इग्निशन ऑन ठेवा, इंजिन बंद. स्टोअर्ड (पक्के नोंदलेले) आणि पेंडिंग (अजून पक्के न झालेले) दोन्ही कोड वाचा, फ्रीझ फ्रेमसह (कोड नोंदला त्या क्षणीचे वेग, तापमान वगैरे आकडे) स्क्रीनशॉट घ्या. पेंडिंग कोड महत्त्वाचे, कारण चेक इंजिनचा दिवा लागण्याआधीच ते दिसू लागतात.

‘क्लिअर’ बटणाला मात्र हात लावू नका! कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते आणि सर्व्हिस सेंटरला दाखवायला काहीच उरत नाही.

स्कॅनरची मर्यादाही मोठी आहे. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणारा भाग) झिजून गिअर खरखरला, किंवा ड्युअल क्लच गाडी ट्रॅफिकमध्ये रांगताना थरथरली, तरी अनेकदा एकही कोड येत नाही. ‘कोड नाही म्हणजे सगळं नॉर्मल’ हे उत्तर तिथे मान्य करू नका. त्रास थंड इंजिनवरच होत असेल तर गाडी आदल्या रात्री सेंटरवर सोडा आणि सकाळची पहिली टेस्ट ड्राइव्ह टेक्निशियनसोबत स्वतः करा. जॉब कार्डावर ‘जनरल चेकअप’ नको. ‘दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना धक्का, इंजिन थंड असताना’ असं नेमकं लिहून घ्या, सोबत तारीख, ओडोमीटरचा आकडा आणि कोड. दोष सापडला नाही म्हणाले तर तेही लेखी घ्या, प्रत जवळ ठेवा. सहसा वॉरंटी वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी भरेल त्यावर संपते. तेव्हा तारखेइतकंच लक्ष ओडोमीटरवर असू द्या. मॅन्युअलची क्लच प्लेट बहुधा झिजणारा भाग म्हणून वॉरंटीत धरत नाहीत. सिंक्रोनायझर गिअरबॉक्सच्या आतला भाग आहे, त्याचा दावा सोडू नका.

काम झालं की स्कॅनर पोर्टमधून काढा. लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते.