सुपरहिरो बदलावा की ठाम राहावा? संहिता लिहिणाऱ्यांसाठी तुलना

नागपुरात एकांकिका, वेबमालिका किंवा कॉमिक लिहिणाऱ्या पोरापोरींशी बोललं की एक अडचण हटकून निघते: "आमचा नायक पहिल्यापासूनच चांगला आहे, मग त्याचा ग्राफ, म्हणजे गोष्टीत त्याच्या आत होणारा बदल, कुठून आणायचा?" आणि तालमीच्या आठवडाभर आधी त्याला एक मेलेला बाप, एखादं व्यसन नाहीतर जुना अपराध चिकटवला जातो. अशानं चांगला नायक हकनाक बिघडतो, आणि ते मला बघवत नाही. ग्राफ असलेला नायक आणि ठाम नायक, दोघांवरही उत्तम गोष्टी उभ्या राहिल्या आहेत. निवड करताना मी आधी बघतो की गोष्टीतली मूळ चूक कोणाची आहे, नायकाची की त्याच्या भोवतालच्या लोकांची.

दोन ओळखीचे नायक घेऊ. २००८ च्या 'आयर्न मॅन'मधला टोनी स्टार्क शस्त्रं विकून श्रीमंत झालेला माणूस. अफगाणिस्तानात कैदेत पडल्यावर आपल्याच कंपनीची शस्त्रं कोणाच्या हातात आहेत, हे त्याला दिसतं. परत आल्यावर तो शस्त्रनिर्मिती थांबवल्याचं जाहीर करतो. चूक त्याची होती, म्हणून बदलणंही त्यालाच भाग होतं. इथं ग्राफ काढून टाकला तर गोष्टच उरत नाही.

२०११ च्या 'कॅप्टन अमेरिका' चित्रपटातला स्टीव्ह रॉजर्स मात्र बळ देणारं औषध टोचण्याआधीच, अंगात बळ नसताना, ग्रेनेडवर झेप घेतो. ग्रेनेड खोटा असतो, पण त्याला ते ठाऊक नसतं. औषधानं त्याचं शरीर बदलतं, माणूस तोच राहतो. २०१४ च्या दुसऱ्या भागात तो ज्या संस्थेसाठी लढतो तीच आतून पोखरलेली निघते. तो ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांना खरं काय ते सांगतो, आणि डोक्याला पिस्तूल लागलेलं असताना एक साधा तंत्रज्ञ संस्थेची मारक विमानं सोडायला नकार देतो. त्याची साथीदार, हेर नताशा, स्वतःच्या भूतकाळासकट सगळी गुपितं जगापुढे उघडी करते. बदल झाला तो या दोघांत. रॉजर्सचा संस्थेवरचा विश्वास उडाला, मूल्यं जागची हलली नाहीत.

ठाम नायक कंटाळवाणा होतो ही भीती मराठी माणसाला तरी पडू नये. हरिश्चंद्राची गोष्ट आठवा. राज्य गेलं, तारामती आणि रोहिदास विकले गेले, स्वतः काशीच्या स्मशानात चाकरीला लागला, आणि शेवटी पोटच्या पोराच्या दहनाचा कर बायकोकडेच मागायची वेळ आली. सत्याबद्दलचं त्याचं मत पहिल्या प्रसंगात आहे तेच शेवटी. तरीही १९१३ मध्ये फाळक्यांनी आपल्या पहिल्या चित्रपटासाठी हीच कथा घेतली. प्रत्येक प्रसंगात सत्याची किंमत आधीपेक्षा जास्त पडते, आणि दर वेळी वाटतं की आता मोडेल. नवे लेखक नेमके इथेच कमी पडतात. नायक ठाम ठेवतात आणि त्याला काही गमवायलाच लावत नाहीत. मग तो पुतळा होतो, आणि दोष मात्र ग्राफ नसण्याला दिला जातो.

आता आपल्या शहरात येऊ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी पात्राबाहेर आली, मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. समजा, त्या रात्री पाणी वळवू शकणारी एक नायिका तुम्ही रचलीत.

पहिल्या संहितेत ती एका बिल्डरची मुलगी आहे. घरचा पैसा नाल्याच्या काठावर भराव टाकून आलेला, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. त्या रात्री ती आधी स्वतःची सोसायटी वाचवते आणि वळवलेलं पाणी पलीकडच्या वस्तीत शिरतं. इथं ग्राफ हवाच, कारण तिची समजूत चुकीची आहे.

दुसऱ्या संहितेत ती नागपूरच्या महाल भागातली परिचारिका आहे. कोणाचंही घर बुडवून कोणाचं वाचवायचं नाही, हे तिचं पक्कं आहे. अधिकारी सांगतात, "मॅडम, एक बाजू निवडा." शेजारीपाजारी म्हणतात, "आपल्या गल्लीपुरतं तरी बघ ना वो बाई." ती दोन्ही काठ धरून ठेवते, हात सोलून निघतात, पहाटेपर्यंत स्वतःचंच घर जातं. तिला ग्राफ देऊ नका. तो अधिकाऱ्याला द्या, किंवा "आपल्या गल्लीपुरतं" म्हणणाऱ्या शेजारणीला द्या.

लांबीचाही विचार करावा लागतो. तासाभराच्या एकांकिकेत नायकाचा बदल पटवायला जागा कमी पडते. त्यानं चूक केलेली दिसली पाहिजे, तिचा फटका बसला पाहिजे, मगच तो वळतो. लांबलचक मालिकेत ठाम नायकच टिकतो. १९३६ साली ली फॉकनं निर्माण केलेला आणि इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे आलेला वेताळ (मूळचा फँटम) दर गोष्टीत बदलत बसला असता तर वाचकाला ओळखूच आला नसता. स्पायडरमॅन या दोन्हींच्या मधला. १९६२ च्या पहिल्या, अवघ्या ११ पानांच्या गोष्टीत तो हाती आलेल्या चोराला जाऊ देतो आणि तोच चोर काकाचा जीव घेतो. मोठा बदल तिथेच उरकला. पुढची कित्येक दशकं त्या जबाबदारीला धरून राहण्याची परीक्षाच चालली आहे.

वेबमालिका लिहिणाऱ्यांनी हा तिसरा मार्ग जरूर बघावा: पहिल्या भागात वळण, पुढे ठामपणा. एकांकिकावाल्यांना मात्र मी परिचारिकाच सुचवीन. फक्त तिचं घर जातं तो प्रसंग संवादात उरकू नका, रंगमंचावर घडू द्या. आणि शेजारणीचं काम तुमच्या चमूतल्या सर्वांत ताकदीच्या नटीला द्या, कारण नाटकातला सगळा बदल तिच्या चेहऱ्यावर दिसायचा आहे.